कांद्याची चाळ, गिरगावची चाळ

लासलगावला पंचवटी पकडली तेव्हा बॅगेत कथेच्या तीन झेरॉक्स, दशम्या आणि पोटात गोळा. कसारा घाट उतरेपर्यंत वाटत होतं की परत फिरावं, पण दादर आलं आणि गर्दीनंच मला खाली उतरवलं. दोन दिवसांचं लेखक संमेलन होतं, मी पहिल्यांदाच.

सकाळची भाषणं बरीचशी विसरले, एक मात्र राहिलं. १८८५ ला पुण्यात ग्रंथकारांचं दुसरं संमेलन भरलं, न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावलं आणि फुल्यांनी पत्र पाठवून सरळ नकार दिला, शूद्रातिशूद्रांनी काय सोसलं ते तुमच्या ग्रंथकारांना कळायचं नाही, असा त्याचा रोख. कांदेवाल्यांच्या घरातली मी, ते ऐकल्यावर झेरॉक्स बाहेर काढायची हिंमत आली.

जेवताना आमचं तिघांचं टेबल जमलं. गिरगावचे एक काका, कणकवलीच्या एक ताई आणि मी. काकांनी पहिलं पान वाचलं आणि अगदी मनापासून विचारलं, "अहो, चाळीत एवढे कांदे भरले तर माणसं राहायची कुठे?" मग मी सांगितलं, आमच्याकडे चाळ म्हणजे कांद्याची, जमिनीपासून उचललेली, बाजूनं फटी ठेवलेल्या पट्ट्या, वारा खेळता राहिला तर उन्हाळ कांदा चार-पाच महिने टिकतो, आणि माझी आजी नुसत्या वासावरनं सडका कांदा कुठं आहे ते सांगते.

ताईंनी पेन्सिल काढली. शेवटचा परिच्छेद, जो मी अकरा वेळा लिहिलेला, त्यावर हलकीच तिरपी रेघ मारली. "गो बाय, आजयेक बोलूक दी, तू कित्याक मधी बोलतंस?" लागलं मला, खोटं कशाला बोलू, पण दहा मिनिटांनी पुन्हा वाचलं आणि त्या रेघेच्या वर कथा खरंच संपली होती!

संध्याकाळी स्लो लोकलनं चर्नी रोडला उतरून काकांकडे गेलो, वाटेत पणशीकरांकडे पीयूष प्यायलो. काकांच्या चाळीत लाकडी जिना, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, आणि तिथंच पायरीवर बसून त्यांनी त्यांची कथा वाचली, शेजारच्या आजीसुद्धा दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या आणि मधेच म्हणाल्या, "नळाला तेव्हा चार वाजता पाणी यायचं रे, पाच नाही." काकांनी तिथल्या तिथं चारचा आकडा घातला.

आता एप्रिलात आमची चाळ भरायची आहे, दोघांनाही या म्हटलंय. काका विचारत होते, कांद्याला वास नक्की कसा येतो, आजी शिकवतील का.