तंबोरा पॅकेज: ‘डेबियन’ फोल्डर अखेर बाहेर काढला

या खेपेचं मुख्य काम एकच. मित्राच्या गिट रिपॉझिटरीत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) बसलेला ‘डेबियन’ नावाचा फोल्डर, म्हणजे डेबियन या लिनक्स वितरणासाठी पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइली, तिथून उचलून वेगळ्या रिपॉझिटरीत आणला. प्रोग्राम छोटाच आहे, संगणकावर तंबोरा वाजवणारा, सी भाषेतला. पट्टी निवडायची, पहिली तार पंचमाची की मध्यमाची ते ठरवायचं आणि रियाझाला बसायचं. लिहिणारा मिरजेचा, पॅकेज करणारा मी सांगलीचा. आमची वादावादी व्हायची ती आवृत्ती क्रमांकातल्या एका आडव्या रेघेवरून.

डेबियनच्या पॅकेजचा क्रमांक ‘०.६-२’ असा असेल, तर रेघेच्या डावीकडचं ०.६ मूळ लेखकाचं आणि उजवीकडचं २ पॅकेज करणाऱ्याचं. मित्राने गाण्याच्या क्लासमधल्या मुलांना डेब फाइल (डेबियनवर थेट बसवता येणारं पॅकेज) देता यावी म्हणून फोल्डर स्वतःच्या कोडमध्येच ठेवला होता आणि फॉरमॅट घेतला होता ‘३.० (नेटिव्ह)’. नेटिव्हमध्ये प्रोग्राम आणि पॅकेज एकच मानतात, म्हणून रेघच नसते. डीपीकेजीसारख्या (डेबियनची पॅकेजं बसवणारं अवजार), डेबियनसाठीच लिहिलेल्या प्रोग्रामांना ते शोभतं. इथे मात्र कंट्रोल फाइलमधली (पॅकेजचं नाव आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या सांगणारी) एक ओळ बदलली, तरी अख्ख्या प्रोग्रामची नवी आवृत्ती काढावी लागायची.

ठिणगी पडली ती टी६४ वरून. ३२ बिटी वेळमोजणी २०३८ साली संपते, म्हणून डेबियनने ३२ बिटी आर्किटेक्चरवर (जुनं आय३८६ सोडून) ‘टाइम_टी’ (वेळ साठवायचा प्रकार) ६४ बिटांचं केलं. या बदलात सापडलेल्या लायब्रऱ्यांच्या पॅकेजांची नावं बदलली. अल्साचं (लिनक्सची ध्वनियंत्रणा) ‘लिबअसाऊंड२’ झालं ‘लिबअसाऊंड२टी६४’. आमच्या कंट्रोलमध्ये जुनं नाव हाताने लिहिलेलं. ते काढून शलिब्स-डिपेंड्सचं व्हेरिएबल टाकलं, की बिल्डच्या वेळी डीपीकेजी-शलिबडेप्स बायनरी तपासून योग्य नाव आपणच भरतो. बदल एका ओळीचा, आणि तोही निव्वळ डेबियनचा. मित्र वैतागला: “भावा, माझ्या कोडचं एक अक्षर हललं नाही, आणि मी नवी आवृत्ती काढू? फेडोरावाले विचारतील, नवीन काय आहे म्हणून!”

त्याचं बरोबरच होतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणात पॅकेजची कृती सांगणारी स्पेक फाइल त्यांच्या स्वतःच्या डिस्ट-गिटमध्ये असते, मूळ टारबॉल (लेखकाने प्रसिद्ध केलेला कोडचा गठ्ठा) वेगळ्या साठ्यात, आणि गिटमध्ये त्याचा फक्त चेकसम (फाइल तीच आहे हे ताडायची खूण). आर्च लिनक्सची पीकेजीबिल्ड फाइलही टारबॉलचा पत्ता आणि चेकसम सांगून मोकळी होते. दोन्हीकडे मूळ लेखकाच्या घरात कुणी बिऱ्हाड थाटत नाही.

प्रत्यक्ष काम अपेक्षेपेक्षा सोपं निघालं. ‘गिट सबट्री स्प्लिट’ला प्रीफिक्स म्हणून डेबियन फोल्डर दिला, की तेवढ्याच फोल्डरचा इतिहास स्वतंत्र ब्रँचमध्ये निघतो, कमिट करणाऱ्यांच्या नावांसकट. फक्त त्यात फाइली मुळाशी येतात. त्या परत ‘डेबियन’ नावाच्या फोल्डरात सरकवल्या. सोर्स फॉरमॅट बदलून ‘३.० (क्विल्ट)’ केला, म्हणजे मूळ कोड वेगळा आणि पॅकेज करणाऱ्याचे बदल वेगळे, आणि चेंजलॉगमध्ये पहिल्यांदा रेघ आली: ०.७-१. ती पाहून झालेला आनंद घरच्यांना समजावून सांगता आला नाही, ते सोडा.

गिट-बिल्डपॅकेज (जीबीपी, गिटमधून डेबियन पॅकेज बांधणारं अवजार) वापरणाऱ्यांना प्रश्न पडेल की मूळ कोडही त्याच रिपॉझिटरीत वेगळ्या ब्रँचवर का नाही ठेवला. डीईपी-१४ या डेबियनच्या प्रस्तावात तशी मांडणी आहेच: ‘अपस्ट्रीम/लेटेस्ट’ आणि ‘डेबियन/लेटेस्ट’. मोठ्या पॅकेजला मी तीच घेईन, कारण पॅच (मूळ कोडावरच्या दुरुस्त्या) बसवताना सगळा कोड हाताशी असतो. इथे मात्र फक्त डेबियन फोल्डर ठेवला आणि जीबीपीचा ओव्हरले पर्याय लावला. बिल्ड करताना टारबॉल उलगडतो आणि त्यावर माझा फोल्डर येतो.

आता कुणी म्हणेल, टारबॉलमध्ये फोल्डर राहिला असता तर बिघडलं काय? क्विल्ट फॉरमॅटमध्ये सोर्स उलगडताना डीपीकेजी-सोर्स मूळ टारबॉलमधला डेबियन फोल्डर आधी काढून टाकतो आणि मगच आपला ठेवतो. म्हणजे यंत्राचं भागतं. पंचाईत माणसांची होते. मित्राच्या रिपॉझिटरीत एक कंट्रोल फाइल, माझ्याकडे दुसरी, आणि एखादा हौशी माणूस त्याच्याकडची दुरुस्त करून पाठवणार. शिवाय चेंजलॉगमध्ये वितरणाचं नाव उबंटूसाठी ‘नोबल’, डेबियनसाठी ‘अनस्टेबल’, बॅकपोर्टच्या (जुन्या डेबियनसाठी बांधलेल्या पॅकेजच्या) क्रमांकाची शेपटी आणखी वेगळी. एका फोल्डरने कुणाकुणाचं समाधान करायचं?

टारबॉल तपासताना एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या प्रोग्रामात लपवलेल्या मागच्या दाराची आठवण येणं अटळ होतं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केलेल्या त्या मागच्या दाराची (आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१) पहिली कडी, एक एम४ फाइल (बिल्डची तयारी करणारी), गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. आणि आपल्या विषयाशी थेट नातं असलेली गोष्ट अशी, की त्या मागच्या दाराची स्क्रिप्ट सोर्समध्ये ‘डेबियन/रूल्स’ ही फाइल आहे का, किंवा आरपीएमचं (फेडोरासारख्यांच्या पॅकेजचं) बिल्ड चालू आहे का, हे बघूनच पुढे सरकत होती. पॅकेजिंगच्या फाइलींचं असणं हीच तिची खूण. म्हणून आता मित्राचा टारबॉल आणि गिटचा टॅग दोन्ही उलगडून डिफ (दोन्हींतला फरक) घेतो. मित्र वापरतो त्या मेसन या बिल्ड अवजाराचा ‘डिस्ट’ कमिट केलेल्या फाइलींतूनच टारबॉल बांधतो, त्यामुळे डिफ रिकामा येतो. ऑटोटूल्स हे दुसरं बिल्ड अवजार वापरणाऱ्या प्रोग्रामांत एवढं सुख नाही.

पॅच दोनच उरलेत. नमुना-ध्वनींचा मार्ग ‘यूएसआर/लोकल’खाली ठोकून बसवलेला होता, ती दुरुस्ती सगळ्यांच्याच कामाची, म्हणून मेसनचा पर्याय करून मित्राकडे पाठवली. पुढच्या आवृत्तीत तो पॅच गळेल. दुसरा ‘नवी आवृत्ती आली आहे का’ हे नेटवर विचारणं बंद करतो. डेबियनमध्ये अद्ययावत करण्याचं काम एपीटी या पॅकेज व्यवस्थापकाचं, त्यामुळे हा कायम माझ्याकडेच राहणार. पॅचच्या नोंदी कशा लिहाव्या ते सांगणाऱ्या डीईपी-३ प्रमाणे डोक्यावर वर्णन आणि ‘फॉरवर्डेड: नॉट-नीडेड’ (मूळ लेखकाकडे पाठवायची गरज नाही) लिहून टाकलं. ही कारकुनी कंटाळवाणी वाटते खरी, पण मला ती आवडते. डेबियनच्या ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) पॅकेजमध्ये २००६ साली झालेल्या एका बदलामुळे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या झाल्या आणि ते २००८ च्या मे महिन्यात बाहेर आलं. पॅकेज करणाऱ्याने मूळ कोडात काय बदललं आणि का, हे कुणालाही चटकन वेगळं वाचता आलं पाहिजे.

मित्राला फोल्डर सोडवत नव्हता, कारण त्याच्या मुलांना अजून थेट डेब हवी असते. मी दोन मार्ग सुचवले: फोल्डरचं नाव बदलून ‘कॉन्ट्रिब’खाली ठेव, नाहीतर गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ‘एक्सपोर्ट-इग्नोर’ लाव, म्हणजे टारबॉलमध्ये तो जाणार नाही. त्याने थोडा विचार केला आणि स्वतःच म्हणाला, “आमच्या गल्लीत तंबोरा बनतो, पण जवारी (तारांना झंकार देणारी घोडीची जुळणी) गवयाच्या कानाला लावून देतात. एकाची जवारी सगळ्यांच्या तंबोऱ्यावर कोण चढवतंय? काढ तो फोल्डर.” मुलांसाठीची डेब आता मी माझ्याकडून बांधून देतो.

बाकी: वॉच फाइल (मूळ लेखकाची नवी आवृत्ती कुठे शोधायची ते सांगणारी) गिटच्या टॅगवर चालते, ती वाचणाऱ्या यूस्कॅनला ०.७ सापडली. पॅकेजातल्या चुका दाखवणाऱ्या लिंटियनची मॅन पेज (प्रोग्रामचं मदतपान) नसल्याची कुरकुर शिल्लक आहे. मॅन पेज मित्राकडेच जायला हवं, मी लिहून त्याला पाठवीन. आयटीपी बग (हे पॅकेज डेबियनमध्ये आणायचा इरादा) नोंदवला आहे, स्पॉन्सर (ते तिथे चढवून देणारा) शोधतोय. ऑटोपीकेजीटेस्ट (बसवलेल्या पॅकेजची आपोआप चाचणी) अडलं आहे, कारण चाचणीच्या यंत्रावर साउंड कार्ड नसतं. अल्साचं ‘नल’ (आवाज गिळून टाकणारं) उपकरण देऊन प्रोग्राम उठतो, पण सूर बरोबर लागला का ते कळत नाही. आवाज वेव्ह फाइलमध्ये उतरवून षड्जाची कंपनसंख्या मोजायचा विचार आहे. कुणी असं काही केलं असेल तर सांगा.