खंडणी भरून राखलेला तट : शिडाच्या होडीतून दुब्रोव्हनिक

बडोद्याच्या माणसाचा आणि समुद्राचा फारसा संबंध नाही. विश्वामित्री आहे, पण तिच्यात मगरी; म्हणजे पाणी बघायचं ते पुलावरून. तरीही मेहुण्याने शिडाच्या होडीची टूम काढली, आणि क्रोएशियातल्या स्प्लितहून आम्ही दोन कुटुंबं दक्षिणेकडे, तटबंदीच्या दुब्रोव्हनिक शहराकडे निघालो. सोबत होडी भाड्याने देणाऱ्यांचाच एक तरुण स्किपर, म्हणजे होडी हाकणारा, होता. तो नसता तर बायको बंदरावरूनच परत फिरली असती, आणि मीही.

ह्वार, कोर्चुला, म्ल्येत ही बेटं मी इथे उरकतो. सुंदर आहेत, फोटो सगळीकडे मिळतात. होडीवरचं जगणं मात्र सांगायलाच हवं. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर दुपारी वायव्येकडून ‘माएस्त्राल’ वारा सुटतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. पण एक दिवस आग्नेयेकडून ‘यूगो’ आला आणि होडी एका कुशीवर कलली. आम्ही भिंतीला टेकून, पाय समोरच्या फळीला लावून बसलो होतो. गॅसची शेगडी मात्र दोन्ही बाजूंनी खुंटीवर टांगलेली असते. होडी कितीही कलो, शेगडी सपाटच. कुकर जागचा हलला नाही. मुगाची खिचडी नीट झाली, ती वाढून घेणारे आम्हीच तिरके!

म्ल्येतहून येताना स्किपरने मुद्दाम वळसा घालून होडी आधी शहरासमोर नेली. दुब्रोव्हनिक पहिल्यांदा पाहावं ते असं पाण्यावरून. खडक संपून तट कुठे सुरू होतो ते कळतच नाही. एका बाजूला सेंट जॉनचा बुरूज आणि त्याच्या आडोशाचं जुनं बंदर, दुसऱ्या बाजूला खाडीपलीकडच्या वेगळ्या कड्यावर लोव्रिएनात्सचा किल्ला. जुन्या बंदरात आमच्यासारख्यांना मुक्कामाला जागा नसते. त्यामुळे पुढे लापाडला फेरी मारून, मोठ्या पुलाखालून ओंब्ला नदीच्या मुखातल्या मरिनात, म्हणजे होड्या लावायच्या बंदरात, गेलो. तिथे तळाशी सोडलेला दोर आकड्याने वर ओढून होडी बांधतात. शेवाळाने बुळबुळीत आणि शिंपल्यांचे तुकडे चिकटलेला तो दोर मेहुण्याने उघड्या हातांनी ओढला, मग संध्याकाळभर सगळ्यांना तळवे दाखवत हिंडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पिले दरवाजातून आत शिरलो. लवकर जाच, कारण क्रूझची जहाजं लागली की मुख्य रस्त्यावर, स्त्रादुनवर, आपल्या मांडवीत दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी होते. दरवाजातून आत गेल्यागेल्या ओनोफ्रिओचं मोठं कारंजं आहे. १४३८ साली सुमारे १२ किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी पाटाने आणून ते बांधलं. दगडी मुखवट्यांच्या तोंडातून ते पाणी आजही पडतं आणि लोक फुकट बाटल्या भरतात. सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या आजवा तलावाचं पाणी पिऊन वाढलेल्या आम्हा बडोदेकरांना त्याचं अप्रूप वाटणारच. दूरवरून शहरात पाणी आणणाऱ्या राज्यकर्त्याबद्दल आमचं मत आधीच चांगलं असतं.

तटाची पूर्ण फेरी १,९४० मीटरची. तिकीट महाग आहे, कुरकुर न करता काढा. चालायचं एकाच दिशेने. जमिनीकडची भिंत चार ते सहा मीटर जाड, समुद्राकडची त्यापेक्षा बरीच पातळ. मिन्चेता बुरुजावरून खाली पाहिलं तर कौलांचे दोन रंग दिसतात. बहुतेक छपरं झगझगीत केशरी, आणि मधूनच जुनी, मळकट पिवळी. युगोस्लाव्हिया फुटताना युगोस्लाव्ह सैन्याने घातलेल्या १९९१-९२च्या वेढ्यात जुन्या शहरातल्या सुमारे दोन तृतीयांश इमारतींना तोफगोळे लागले, त्याची ही खूण. एका छपरावर नव्या कौलांच्या मधोमध जुन्या कौलांची एकच ओळ होती. शाबूत निघालेली तेवढी कौलं कुणीतरी वेचून पुन्हा बसवली असावीत.

आपल्याला किल्ला म्हटला की वेढा, सुरुंग, खिंडार आठवतं. इथे मात्र तटाइतकाच वकिलांवर, म्हणजे परदरबारी पाठवलेल्या दूतांवर, भरवसा होता. रागुझाचं (हे दुब्रोव्हनिकचंच जुनं नाव) हे व्यापारी प्रजासत्ताक तुर्कांच्या उस्मानी सुलतानाला १४८१ पासून दरसाल १२,५०० डुकाट खंडणी भरत असे. ती घेऊन वकील इस्तंबूलला जात आणि बदल्यात इथले व्यापारी सुलतानाच्या मुलखात सुखाने धंदा करत. लोव्रिएनात्सच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की जगातल्या साऱ्या सोन्याच्या बदल्यातही स्वातंत्र्य विकू नये. मेहुणा म्हणाला, “भावजी, विकत नव्हते हे खरं. दर वर्षी विकत घेत होते!” मला यात कमीपणा वाटत नाही. १६६७च्या भूकंपात शहर जमीनदोस्त झाल्यावर तुर्कांनी पैशाचा तगादा लावला, तेव्हा बोलणी करायला गेलेला निकोलित्सा बुनिच १६७८ साली कैदेत मेला. वकिली ही काही गादीवर बसून करायची गोष्ट नव्हती.

घरातही यांचा कुणावर विश्वास नसे. राज्याचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, एका महिन्यापुरता. तो महिनाभर त्याने वाड्यातच राहायचं, राजकाजाशिवाय बाहेर पडायचं नाही. सभेच्या दारावर लिहिलेलं, “खासगी विसरा, सार्वजनिक पाहा.” बायको म्हणाली, “आपल्या सोसायटीच्या चेअरमनला दाखवायला फोटो काढ.” काढला.

शेवटी तट पडला नाहीच, दरवाजा उघडला गेला. १८०६ मध्ये फ्रेंच फौज वाटेत थांबते म्हणून आत आली आणि राहिली. १८०८ मध्ये प्रजासत्ताक बरखास्त. पण त्यांच्या एका जुन्या हिशेबाचं बिल अजून फिटतंय. प्रतिस्पर्धी व्हेनिसचं राज्य शेजारी नको म्हणून त्यांनी १६९९ साली मधली नेउमची पट्टी तुर्कांना देऊन टाकली. ती आता बोस्नियात आहे, त्यामुळे क्रोएशियाचा किनारा तिथे तुटतो. पुढची कितीतरी वर्षं दुब्रोव्हनिकच्या लोकांना रस्त्याने आपल्याच देशात जायला दोनदा सरहद्द ओलांडावी लागे. २०२२ मध्ये नेउमला वळसा घालून जाणारा पेल्येशात्सचा पूल झाला आणि ती कटकट सुटली. होडी मरिनातच परत केली होती, त्यामुळे स्प्लितला आम्ही गाडीने या पुलावरूनच गेलो. “तह त्यांनी केला आणि पूल यांनी बांधायचा,” मेहुणा म्हणाला आणि उरलेल्या भाकरवडीचा डबा मागे सरकवला.