चूक कुणाची

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळीच मठातून फोन आला. “मशीन परत जाळतंय, येता का?” पुढे पवित्र आठवडा आणि आसपासच्या चर्चना होस्त्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत जिभेवर देतात त्या पातळ चकत्या, इथूनच भाजून जातात. हातातलं गिझरचं काम पोराकडे सोपवलं आणि निघालो.

मी इलेक्ट्रिशियन, मूळचा वसईकडचा, कॅथलिक. शाळेतल्या, दवाखान्यातल्या सिस्टर लहानपणापासून पाहिलेल्या. पण कार्मेलचा मठ म्हणजे वेगळंच प्रकरण. इथल्या सिस्टर एकदा आत गेल्या की सहसा बाहेर पडत नाहीत. भेटायचं ते जाळीतून, सामान द्यायचं-घ्यायचं ते भिंतीतल्या फिरत्या कपाटातून. पलीकडचा माणूस दिसत नाही, कपाट तेवढं गरकन फिरतं. कामगाराला आत घ्यावंच लागलं तर एक सिस्टर छोटी घंटा वाजवत त्याच्यापुढे चालते, म्हणजे बाकीच्या बाजूला होतात. महिन्यापूर्वी पहिल्यांदा थर्मोस्टॅट बदलायला गेलो तेव्हा त्या घंटेमागून चालताना मला नंदीबैल झाल्यासारखं वाटलं होतं.

होस्तीत गव्हाचं पीठ आणि पाणी, तिसरं काही नाही. मीठसुद्धा नाही. पातळ कालवलेलं पीठ खालच्या तापल्या प्लेटवर ओतायचं, वरची प्लेट दाबायची. कडेने वाफ फुसफुसत निघते. ती फुसफुस थांबली की उघडायचं. भट्टी सांभाळणाऱ्या थोरल्या सिस्टर घड्याळाकडे बघतच नाहीत, कानावर काम करतात. निघालेला पापड लगेच कापला तर चुरा होतो, म्हणून तो आधी ओलसर खोलीत नरम पाडायचा आणि मग चकत्या काढायच्या. आयुष्यभर जिभेवर घेतलेली ती चकती इतक्या खटपटीची असेल हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

त्या दिवशी टेबलावर करपलेल्या, तांबूस पापडांचा ढीग होता. भिंतीवर खिळ्याला मशीनची वही. त्यात तीन दिवस ओळीने एकच नोंद, थरथरत्या अक्षरात: ‘जळले. वेळ चुकली. चूक माझी.’

“वय झालं, बाळ,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या. “कान गेले असतील.”

मी मागचं झाकण उघडलं आणि पोटात गोळाच आला. थर्मोस्टॅटला तांब्याची बारीक नळी असते. तिच्या टोकाचा बल्ब प्लेटच्या भोकात घट्ट बसला तरच प्लेट किती तापली ते थर्मोस्टॅटला कळतं. इथे बल्ब निसटून बाहेर हवेत लोंबत होता. थर्मोस्टॅट बिचारा समजत होता, अजून गारच आहे. कॉइल चालूच, प्लेट तापतेच आहे. बल्ब धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती. बॅगेचा बाजूचा कप्पा चाचपला. क्लिप तिथे. महिनाभर माझ्याच बॅगेत फिरत होती.

खरं सांगतो, पहिला विचार आला तो गुपचूप क्लिप बसवून झाकण लावायचा. कोण बघणार होतं? पण ती वही समोर लटकत होती.

“सिस्टर, तुमचे कान ठणठणीत आहेत. ही क्लिप मी बसवलीच नाही.”

त्या हसल्या. “मला वाटलंच होतं. बटण बंद करूनही फार वेळ वास येत होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“आमच्या संत तेरेजा सांगून गेल्यात. कुणी चुकीचा ठपका ठेवला तर लगेच आपली बाजू मांडत सुटू नये.”

मला रागच आला. म्हणजे मीच गुन्हेगार आणि रागही मलाच! पण प्लेट तशीच तापत राहिली असती तर वायरिंग वितळून आग लागली असती. तसं मी बोलूनही गेलो, जरा चढ्या आवाजात. त्या शांत जागेत तो आवाज माझा मलाच बोचला.

तेवढ्यात मठाच्या प्रमुख, मदर आल्या. मी झालेलं सगळं सांगितलं, क्लिपसकट. त्यांनी आधी प्लेटकडे पाहिलं, मग थोरल्या सिस्टरांकडे.

“तेरेजांनी ते सांगितलंय, खरंय,” त्या म्हणाल्या. “पण विनम्रता म्हणजे सत्याला धरून चालणं, हेही त्यांचंच. सिस्टर, तुम्ही ठपका स्वतःवर घेतलात, ठीक. पण वहीत खोटं लिहिलंत.”

थोरल्या सिस्टरांचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. मला त्यांची कीव आली आणि मदरांचं पटलंही. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधली बाई, 1562 साली आविलात कार्मेलचा पहिला सुधारलेला मठ काढणारी, तिची दोन वाक्यं थर्मोस्टॅटच्या नळीपाशी येऊन अशी एकमेकांना भिडतील असं मला कुठे ठाऊक होतं! रविवारच्या प्रवचनात विनम्रता म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मान खाली घातलेला माणूस यायचा. इथे मदर ताठ मानेने एका म्हाताऱ्या बाईला सांगत होत्या की स्वतःबद्दल वाईट सांगायचं तरी ते खरं असायला हवं.

मी क्लिप बसवली, दोनदा ओढून पाहिली. मग मदरांनी वही काढून माझ्यासमोर धरली. पेन माझ्याच खिशातलं. लिहिलं: ‘बल्बची क्लिप बसवायची राहिली होती. आज बसवली. चूक मिस्त्रीची.’ खाली सही, तारीख. बिल लावणार नाही म्हटलं, मदरांनी मान डोलावली. आग्रह केला नाही, ते बरं वाटलं.

थोरल्या सिस्टरांनी चष्मा पुसून माझी ओळ वाचली. मग पेन मागितलं आणि तीन दिवसांच्या नोंदींतलं ‘चूक माझी’ एकेक करून खोडायला लागल्या. तिसऱ्याला थांबल्या.

“हे राहू दे,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी मला खरंच झोप लागली होती.”

मदरांना हसू आवरेना. सिस्टरांनी पेन परत केलं, बाह्या सावरल्या आणि पिठाच्या भांड्याकडे वळल्या. “प्लेट तापव, बाळ. दुपारच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत दोन घाणे काढू.”