तुम्ही विचारलंत म्हणून: भाव नाही, तरी सोयाबीनच का?

पुण्याला बहिणीकडे गेलो की तिच्या सोसायटीतलं कुणीतरी विचारतंच, "काका, सोयाबीनला भाव नाही म्हणता, मग दरवर्षी तेच का पेरता?" चहा संपतो, उत्तर अर्धंच राहतं. म्हणून आता लिहूनच टाकतो.

माझं रान औसा तालुक्यात, काळं, भारी. लातूरचा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, जवळ, त्यामुळे भाव रोज कानावर पडतो. पण जूनला ऐकलेला भाव ऑक्टोबरात कामाला येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या घरात गेलं, तेव्हा आमच्याकडे विकायला पोतं नव्हतं. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंडीच्या, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्याच्या, आयातीला परवानगी दिली. आमची रास मोंढ्यात पोचेस्तोवर भाव निम्म्यावर आलेला.

२०२५ चा मे महिना तर आठवणीतच राहील. आधीच्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि मोंढ्यात सौदा चार हजारांच्या आसपास निघत होता, म्हणून यंदा दोन एकर मका करायचा असं मी ठरवून बसलो होतो. आणि एकाच आठवड्यात सगळं आलं. २६ तारखेला मान्सून थेट मुंबईत. २८ ला सोयाबीनचा नवा हमीभाव, ५,३२८. ३० ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर. बाहेरचं तेल स्वस्त झालं की आमच्या सोयाबीनचा भाव दबतो. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. इकडे मी बांधावर उभा, आणि रानात पाऊल घातलं की चिखल घोट्यापर्यंत.

मे महिन्यात पाऊस म्हटल्यावर तुम्हाला बरं वाटलं असेल. आम्हाला पाळीच घालता आली नाही, म्हणजे पेरणीआधी कुळवून रान तयारच करता आलं नाही. ढेकळं तापायच्या दिवसांत रानात गवत हिरवंगार. काहींनी मिरगाचीही वाट न बघता तिफण घातली, पेरून मोकळे झाले. नंतर मान्सून दोन आठवडे जागचा हलला नाही. मी थांबलो होतो, पण त्यात शहाणपण कमी आणि ट्रॅक्टर न मिळणं जास्त.

त्या थांबलेल्या दिवसांत बायकोने घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. सोयाबीनचं टरफल पातळ, मळणीत जरा मार बसला तरी दाणा उगवत नाही. पाचव्या दिवशी उघडलं तर चौऱ्याहत्तरांना कोंब. सत्तरच्या वर म्हणजे पेरायला चालतं. मक्याचं बी विकत आणायचं, आणि वर रानडुकरांसाठी रात्रभर जागायचं. कापूस धरला तर रान जानेवारीपर्यंत अडकतं. सोयाबीन शंभर दिवसांत निघतं, दिवाळीला हातात चार पैसे येतात आणि त्याच ओलीवर हरभरा पडतो. खरं सांगायचं तर मी हरभऱ्यासाठी सोयाबीन पेरतो, पण हे सोसायटीत कुणाला पटत नाही.

रान कोरडं पडायला लागलं तसं रोज सकाळी वीतभर उकरून मुठीत माती दाबायची, गोळा खाली सोडायचा. चिकटून राहिला तर परत घरी. एका सकाळी गोळा पडला आणि भुरभुरला. वाफसा, म्हणजे पेरणीला हवी तेवढीच ओल. ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला, तर आमच्या आधी तिघांचा नंबर. दुपारी तीनला आला. मक्याचा विषय कुणी काढलाच नाही. तुरीच्या ओळी सोडून सगळं सोयाबीन.