किचनच्या फरशीखाली हीटिंग: आमचा तीन महिन्यांचा घोळ

आई गेल्या डिसेंबरमध्ये नाशिकहून आमच्याकडे इंग्लंडला, यॉर्कशायरमधल्या लीड्सला आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा करता करता म्हणाली, अगं ही फरशी आहे का बर्फाची लादी? दोन जोड मोजे आणि वर सपाता घालून पोळ्या लाटत होती बिचारी. आमचं घर 1930 च्या दशकातलं, किचन मागच्या बाजूला, दोन भिंती बाहेरच्या, खाली नुसतं काँक्रीट आणि त्यावर टाइल्स. तसंही किचन नवीन करायचंच होतं, तेव्हा विषय निघाला की टाइल्स उखडतोच आहोत तर खाली हीटिंग टाकून घ्यायचं का.

नवरा पहिल्या दिवसापासून हो म्हणत होता. म्हणे रोमन लोकांनी याच देशात, बाथ नावाच्या गावात, फरशी छोट्या खांबांवर उचलून खालून गरम हवा फिरवली होती आणि आपण 2 हजार वर्षांनी मोजे घालून फिरतोय. मी म्हटलं, त्यांच्याकडे भट्टीत लाकडं घालायला गुलाम होते, आपल्याकडे गॅस-विजेच्या बिलाचं डायरेक्ट डेबिट आहे.

तर प्रकार दोन. एक पाण्याचा, म्हणजे फरशीखाली पाइप आणि त्यात बॉयलरचं पाणी. भिंतीवरच्या रेडिएटरला 60-65 डिग्रीचं पाणी लागतं, इथे 35-45 पुरतं, म्हणून ज्यांच्याकडे हीट पंप (बाहेरची ऊब विजेवर आत खेचणारं यंत्र) आहे त्यांना हे फार छान जमतं. पण आमच्याकडे गॅसचा बॉयलर, आणि जुनं काँक्रीट खणून ऊब अडवणारं इन्सुलेशन, पाइप, वर सिमेंटचा नवा थर, तोही जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण एक दिवस वाळवायचा. एका किचनसाठी दोन-अडीच महिने घर उकरून ठेवायचं? नवीन एक्स्टेंशन बांधत असतो तर डोळे मिटून हेच केलं असतं, ते सोडा.

दुसरा विजेचा. जाळीवर वायर शिवलेली मॅट, टाइल्सच्या खाली चिकटवायची, चौरस मीटरला साधारण 150 वॉट. टाकायला सोपी, पण खरी गंमत बिलात. आमचं किचन 12 चौरस मीटर, पण कपाटं आणि फ्रिजच्या खाली मॅट घालायची नसते, त्यामुळे मोकळी जागा उरते 7. म्हणजे एक किलोवॉटच्या आसपास. आमच्याकडे विजेचं युनिट अंदाजे 25 पेन्स आणि गॅसचं 6-7, दिवसाला दहा तास सलग चालली तर अडीच पाउंडाच्या वर, महिन्याला 75-80. थर्मोस्टॅट मध्येमध्ये बंद करतो त्यामुळे इतकं येणार नाही, पण तरी. आणि एवढं करून दोन बाहेरच्या भिंती नि मागचं दार असलेली खोली ऐन थंडीत तेवढ्यावर गरम होईल याची खात्री नाहीच, कारण फरशी 29 डिग्रीच्या वर नेत नाहीत, त्याच्या वर पायाला नकोसं व्हायला लागतं.

इथे मला कळलं की आपण दोन वेगवेगळे प्रश्न एकात कालवतोय. खोली गार आहे हा एक आणि पाय गार पडतात हा दुसरा. आणि पाय गार पडतात ते मुख्य म्हणजे काँक्रीटखाली काहीच इन्सुलेशन नाही म्हणून, त्याच्यावर नुसती मॅट टाकली तर निम्मी ऊब जमिनीत मुरणार आणि आपण यॉर्कशायरची माती शेकत बसणार. बिल्डरने पहिल्या कोटेशनमध्ये इन्सुलेशन बोर्ड धरलेच नव्हते, मी विचारलं तर म्हणे बरेच लोक नको म्हणतात!

शेवटी ठरलं ते असं: सगळ्या किचनला 10 मिलिमीटरचे इन्सुलेशन बोर्ड, त्याने फरशी थोडी उचलली जाईल म्हणून दार खालून तासावं लागेल. मॅट फक्त सिंक आणि गॅसच्या समोर, जिथे आपण खरंच उभे असतो, 3 चौरस मीटर. 450 वॉट, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त 45 पेन्स. खोली गरम करायला कपाटाखालच्या पट्टीत बसणारा, बॉयलरच्याच पाण्यावर चालणारा पंख्याचा हीटर. तो जरा घूं घूं करतो, पण कुकरच्या शिट्टीपुढे त्याचं काय. रेडिएटर निघतोय आणि त्या भिंतीला मला डब्यांचं कपाट मिळतंय, खरं सांगायचं तर माझा अर्धा जीव त्यातच होता.

आईला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, इडलीचं पीठ ठेवता येईल का त्या फरशीवर? इथे हिवाळ्यात पीठ ओव्हनचा दिवा लावून आत ठेवते मी, तरी कधीकधी दीड दिवस फुगत नाही. चार तासांच्या टायमरवर काही ते फुगायचं नाही. कांदे-बटाट्यांची टोपली मात्र तिथून हलवावी लागणार, नाहीतर आठवड्यात कोंब.

काम मार्चमध्ये. इलेक्ट्रिशियनने सांगितलंय की टाइल्स लावायच्या आधी आणि नंतर मीटरने मॅटचा रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवा, म्हणजे वायर कुठे दुखावली नाही ना ते कळतं, आणि झाकायच्या आधी फोटो काढा, शेजारी मोजायची टेप पसरून, म्हणजे वायर कुठून गेलीय ते कळेल. उद्या कोणी तिथे ड्रिल मारलं तर टाइल्स उखडाव्या लागतात.