एकाच पत्र्याची दोन रिडिंगं

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमधून, म्हणजे पत्रा डायमध्ये (साच्यात) दाबून कप ओढणाऱ्या कारखान्यातून, सकाळीच फोन आला. तुमचा पत्रा डायला चिकटतोय, कप फाटतायत, रफनेस ०.५ लागतोय, कॉइली (पत्र्याच्या गुंडाळ्या) परत न्या. रफनेस म्हणजे पत्र्याच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा; आमच्या सर्टिफिकेटवर तो ०.९ होता. ऑर्डरमध्ये ठरलेलं माप ०.६ ते १.२ मायक्रॉन.

आमची पत्रा लाटायची मिल गोकुळ शिरगावात. छोटीच, चार रोलची: मध्ये दोन वर्क रोल, त्यांच्या पाठीशी दोन बॅकअप. ॲनिलिंगनंतर, म्हणजे पत्रा तापवून मऊ केल्यावर, शेवटचा स्किन पास देतो, रोलमधून हलका दाब, पत्र्याची लांबी जेमतेम टक्काभर वाढेल इतकाच. पत्र्याचं अंग ठरतं ते इथे. लोकांना वाटतं, जितका गुळगुळीत तितका माल भारी. पण तसं नाही. खोल कप ओढायचा असेल तर वरच्या बारीक खळग्यांत तेल थांबावं लागतं. खळगे नसले की तेल निपटून जातं आणि धातू धातूला धरतो.

हे खळगे येतात रोलवरून, आणि रोलवर येतात तो घासणाऱ्या ग्राइंडरवर. घासणारं व्हील किती भरड, डायमंडने त्याचं ड्रेसिंग करताना (तोंड परत धारदार करताना) फीड, म्हणजे सरकण्याचा वेग, किती ठेवला, शेवटी कट न देता व्हील किती वेळ फिरू दिलं, यावर सगळं. जास्त वेळ फिरवलं की रोल चकाकतो. बघायला छान, आमच्या कामाला वाईट. आमचे ग्राइंडरवरचे मामा नुसत्या आवाजावरून व्हील मागे घेतात. त्यांचा पगार काढला तर ऑफिसातल्या निम्म्यांनी मान खाली घालावी.

प्रेसशॉपमध्ये पोचलो तर त्यांचा क्यूएचा (माल तपासणीचा) पोरगा रफनेस टेस्टर पत्र्याच्या लांबीच्या दिशेने ठेवून माप घेत होता. ग्राइंड केलेल्या रोलवरच्या रेषा गोलाकार असतात, म्हणून पत्र्यावर त्या लांबीला उमटतात. टेस्टरची सुई रेषेबरोबर गेली तर रिडिंग कमीच येणार. माप रेषांना आडवं घ्यायचं असतं. मी तुकडा थिनरने पुसला, कट-ऑफ, म्हणजे मापाचा एक तुकडा, ०.८ मिलिमीटर, तसे पाच मिळून चार मिलिमीटर, आणि टेस्टर काटकोनात फिरवला. ०.८८. परत लांबीला, ०.५.

त्यांचे साहेब म्हणाले, "म्हणजे तुमच्या सोयीची दिशा होय?"

प्रेसवरचा ऑपरेटर मागून बोलला, "साहेब, उसाच्या सरीतनं गाडी सरळ घाला आन् मग आडवी घाला, कळंल."

तिथेच भांडण मिटायचं. पण फाटलेले कप समोर पडले होते, ते काही टेस्टर फिरवून जुळणार नव्हते. कॉइलींचे टॅग मागितले. फाटलेले बहुतेक शेवटच्या कॉइलींचे. त्यातला पत्रा आडवा मोजला, ०.६४. मापात आहे, पण काठावर. कारण सरळ आहे: रोल चालतो तशी त्याच्या पृष्ठभागावरची बारीक टोकं झिजतात आणि एकाच ग्राइंडिंगवर शेवटी निघालेला माल पहिल्यापेक्षा सपाट येतो. आमच्याकडे अख्ख्या लॉटच्या सर्टिफिकेटला नमुना पहिल्या कॉइलचा. दर कॉइलला नमुन्याची पट्टी काढा असं मी लिहून दिलंय. वरून उत्तर एकच, टनेज बघा, म्हणजे किती टन माल निघतो ते.

निघताना त्या ऑपरेटरने तेलाचा पिंप दाखवला. ड्रॉइंग ऑइल, म्हणजे कप ओढताना लावायचं तेल, नवं, पाण्यासारखं पातळ. "परचेसला स्वस्त पडलं," एवढंच बोलला. जाड तेलावर ०.६४ चा पत्रा कदाचित निभावला असता. पातळ तेलावर ०.८८ चा तरी निभावला असताच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. जुन्या तेलावर याच कॉइलीचे चार कप ओढून बघू म्हटलं, तर साहेबांना प्रेस थांबवायची नव्हती.

आमच्या सेल्सवाल्याने रिपोर्टवर "मापाची दिशा चुकली" लिहून सही घेतली आणि प्रकरण बंद केलं. फाटण्याबद्दल त्यात एक ओळ नाही.

पुढच्या ऑर्डरमध्ये त्यांनी नवी अट घातली: रफनेस आडव्या दिशेने, प्रत्येक कॉइलला, ०.८ च्या वर. म्हणजे रोल लवकर उतरवायचे, वरचेवर ग्राइंड करायचे. ऑर्डर आमच्या साहेबांनी हसत घेतली. मामांनी कागद वाचला आणि विचारलं, "जादाची ग्राइंडिंगं कुठल्या शिफ्टला बसवायची?"