मार्केटिंग मेल डिझाईन करायची टूल्स, माझ्या पसंतीची आणि नापसंतीची

मार्केटिंगचे मेल जरा आकर्षक करायचे म्हटलं की पहिलं नाव कॅन्व्हाचं निघतं, आणि कॅन्व्हा झकासच आहे, हेडरची इमेज करायची, एखादा बॅनर, छोटासा जिफ, सगळं पटकन होतं. पण त्यात अख्खा मेल डिझाईन करून ती एकच लांबलचक इमेज मेलमध्ये चिकटवून पाठवणारे लोक भेटले की मला हात जोडावेसे वाटतात. आउटलूकमध्ये बऱ्याच जणांकडे इमेजेस आपोआप डाउनलोड होत नाहीत, त्यांना तुमच्या मेलच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसतो. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे इमेजमागे लिहिलेलं तिचं वर्णन, नसेल तर काहीच कळत नाही, आणि मोबाईलवर ती इमेज आक्रसून अक्षरं मुंगीएवढी होतात. बटणसुद्धा इमेजचाच भाग, म्हणजे इमेज दिसली नाही तर क्लिक कुठे करायचं तेही गेलं.

त्यामुळे टूल बघताना मी टेम्प्लेट किती सुंदर आहेत ते नंतर बघते, आधी बघते की हे टूल मला मेलच्या मर्यादा दाखवतंय की लपवतंय. लपवणारं टूल वापरताना मजा येते आणि सेंड दाबल्यावर वाट लागते.

मर्यादा कुठल्या ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. विंडोजवरच्या आउटलूकने २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवायचं काम वर्डच्या इंजिनकडे दिलं, हो, तेच पत्रं टाईप करायचं वर्ड. म्हणून तिथे फ्लेक्सबॉक्स, ग्रिड वगैरे वेबपेजच्या मांडणीच्या नव्या पद्धती चालत नाहीत, गोल कोपऱ्यांची बटणं चौकोनी होतात, बॅकग्राउंड इमेज साध्या सीएसएसने, म्हणजे रंगरूप ठरवणाऱ्या कोडने, येत नाही, आणि मेल बनवणारे लोक आजही टेबलात टेबल घालून लेआउट करतात. नवीन आउटलूक वेबवर चालणारं आहे, त्यात हा त्रास बराच कमी, पण जुनं आउटलूक किमान २०२९ पर्यंत सपोर्ट करणार असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय, तेव्हा इतक्यात सुटका नाही. दुसरी मर्यादा जीमेलची, मेलचं एचटीएमएल, म्हणजे त्याच्यामागचा कोड, साधारण १०२ केबीच्या वर गेलं की जीमेल खालचा भाग कापतं आणि 'पूर्ण मेल बघा' अशी लिंक देतं. कापला जातो तो तळ, म्हणजे नेमकी अनसबस्क्राईबची लिंक आणि बऱ्याचदा मेल उघडला का ते मोजणारा पिक्सेल, म्हणजे न दिसणारी बारीकशी इमेजसुद्धा. इमेजेसचं वजन यात धरत नाहीत बरं का, फक्त कोड आणि मजकूर. आणि मराठीत मेल लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवा, देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाईट घेतं, इंग्रजीचं १, त्यामुळे लांब मराठी न्यूजलेटर ही रेषा लवकर गाठतं.

आता टूल्सकडे येऊ.

कोड लिहायचा नसेल तर ड्रॅग अँड ड्रॉप एडिटर, त्यात बीफ्री आणि स्ट्रिपो ही दोन नावं. दोन्हीत रो आणि कॉलम असा सांगाडा असतो आणि तुम्ही त्यात ब्लॉक टाकत जाता, एखादी गोष्ट दुसरीवर तिरकी ठेवायची म्हटली तर ठेवूच देत नाहीत. सुरुवातीला राग येतो, पण टूल असंच हवं, कारण मेलमध्ये ते चालणारच नसतं. मोबाईलवर एखादा ब्लॉक लपवायचा, मोबाईल प्रिव्ह्यू बघायचा, हे सगळं दोन्हीकडे आहे. स्ट्रिपोमधली मला आवडणारी गोष्ट म्हणजे मॉड्यूल, फूटर एकदा नीट बनवून सेव्ह केलं की प्रत्येक मेलमध्ये तेच वापरायचं. मेलचिंप, ब्रेवो, मेलरलाईट या मेल पाठवायच्या सर्व्हिसेसचे स्वतःचे एडिटरही आता बरे झालेत, एकाच सर्व्हिसमधून मेल जात असतील तर वेगळं टूल घ्यायची गरज नाही. फक्त वर्डमधून मजकूर कॉपी करून थेट पेस्ट करू नका, त्याच्याबरोबर स्टाईलचा ढीगभर कचरा आत येतो, मग फॉन्ट का बदलला म्हणून शोधत बसा. कंट्रोल शिफ्ट व्ही ने नुसता मजकूर पेस्ट करा.

थोडाफार कोड जमत असेल तर मात्र एमजेएमएल. मला एकच टूल ठेवायची परवानगी दिली तर मी हेच ठेवेन. मेलजेट कंपनीने बनवलेलं, ओपन सोर्स, फुकट. तुम्ही त्यात सेक्शन, कॉलम, टेक्स्ट, बटण असे सोपे टॅग लिहायचे आणि ते त्याचं टेबलवालं भयाण एचटीएमएल तयार करून देतं, फक्त आउटलूकच वाचतं अशा कोडच्या तुकड्यांसकट (कंडिशनल कमेंट्स). दोन कॉलम डेस्कटॉपवर शेजारी शेजारी, मोबाईलवर एकाखाली एक, हे न सांगता होतं. त्यांच्या साईटवर ब्राउझरमध्येच एका बाजूला लिहा, दुसऱ्या बाजूला बघा अशी सोय आहे, काही इन्स्टॉल करायचं नाही. हेडर फूटर वेगळ्या फाईलमध्ये ठेवून इन्क्लुड करता येतात, लोगो बदलला तर एकाच ठिकाणी बदलायचा. तोटा एवढाच की तयार होणारं एचटीएमएल चांगलंच लांब असतं, सेक्शनवर सेक्शन चढवत गेलात की ते १०२ केबी आठवतात, म्हणून पाठवायच्या आधी मिनिफाय करा, म्हणजे कोडमधल्या नको त्या रिकाम्या जागा काढून टाका. डेव्हलपर मंडळींसाठी रिॲक्ट ईमेल आणि मेझल पण आहेत, टीममध्ये रिॲक्ट किंवा टेलविंड आधीच चालू असेल तर बघा, नाहीतर एमजेएमएल पुरे.

फिग्मा, स्क्रीनची डिझाईन काढायचं टूल. फिग्मात मेल डिझाईन करावा का? करावा, पण स्वतःला वेसण घालून. मी ६०० पिक्सेल रुंदीची एक फ्रेम घेते, शेजारी ३७५ ची मोबाईलची, आणि तिसरी फ्रेम अशी की ज्यात सगळ्या इमेजेस बंद आहेत, त्यांच्या जागी करडे चौकोन आणि ऑल्ट टेक्स्ट. समजा एखाद्या ऑनलाईन कोर्सच्या नोंदणीचा मेल आहे, तर त्या तिसऱ्या फ्रेममध्ये कोर्स कशाचा, कधी सुरू होतोय आणि नोंदणीचं बटण या तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत, नाही दिसल्या तर डिझाईन परत करायचं, पहिल्या दोन फ्रेम कितीही देखण्या असल्या तरी. क्लायंटला दाखवताना तिसरी फ्रेम आधी दाखवा, 'हेडलाईन इमेजमध्येच टाका ना, आमचा फॉन्ट आहे तो' हा वाद तिथेच संपतो. (संपत नाही खरं तर, पण आवाज जरा खाली येतो.) फिग्मातून थेट मेलचं एचटीएमएल काढून देणारे इमेलिफायसारखे प्लगइन आहेत, साध्या लेआउटला ठीक.

फॉन्टचं निघालंच आहे तर, वेब फॉन्ट ॲपल मेलमध्ये चालतात, जीमेलमध्ये तुमचा आवडता फॉन्ट येईल अशी आशा सोडा. फॉलबॅक, म्हणजे त्याच्याऐवजी येणारा फॉन्ट, कसा दिसेल ते बघून डिझाईन करा. देवनागरीत तर प्रत्येक सिस्टीम आपापला फॉन्ट लावते, विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर, आणि तिघांची उंची वेगळी. लाईन हाईट १.५ च्या खाली ठेवली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींना चिकटतात.

इमेजेससाठी स्क्वूश किंवा टायनीपीएनजी, दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात. ६०० रुंदीत दाखवायची इमेज १२०० ची ठेवा म्हणजे चांगल्या स्क्रीनवर धूसर दिसत नाही, आणि कॉम्प्रेस करा. एसव्हीजी लोगो जीमेलमध्ये दिसत नाही, पीएनजीच लावा. जिफ करणार असाल तर ईझीजिफवर फ्रेम कमी करता येतात, आणि मुख्य ऑफर पहिल्याच फ्रेममध्ये असू द्या, कारण जुन्या आउटलूकच्या बऱ्याच आवृत्त्या पहिली फ्रेम दाखवून गप्प बसतात. शेवटच्या फ्रेममध्ये सरप्राईज ठेवणाऱ्यांचं सरप्राईज त्यांच्यापाशीच राहतं.

डार्क मोडवर मात्र खात्रीचा इलाज कोणाकडेच नाही. काही ॲप रंगांना हात लावत नाहीत, काही फक्त पांढरं बॅकग्राउंड काळं करतात, काही सगळंच उलटं करतात. पारदर्शक पीएनजीतला काळा लोगो काळ्या बॅकग्राउंडवर गायब होतो, त्याला पातळ पांढरी कड द्या, उजेडात दिसत नाही आणि अंधारात लोगो वाचवते. रंगांसाठी वेबएमचा कॉन्ट्रास्ट चेकर उघडा, साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ हवं. फिकट करड्यावर पांढरं हे डिझायनर लोकांना फार आवडतं आणि वाचणाऱ्याला अजिबात नाही.

तपासायला लिटमस आणि ईमेल ऑन ॲसिड, दोन्ही पैसे घेतात पण अनेक वेगवेगळ्या ॲप आणि डिव्हाइसवर मेल कसा दिसेल त्याचे स्क्रीनशॉट देतात. दर आठवड्याला मोठ्या लिस्टला मेल जात असेल तर पैसे वसूल. नसेल तर फुकटात 'कॅन आय ईमेल' ही साईट, कुठलंही सीएसएस टाका, कुठे चालतं कुठे नाही त्याचा तक्ता समोर. मेलपिट नावाचं ओपन सोर्स टूल आहे ते तर याच साईटचा डेटा वापरून तुमच्या मेलमध्ये काय काय बिघडेल ते सांगतं. आणि अर्थात जीमेल, आयफोन आणि कोणाचं तरी ऑफिसातलं जुनं आउटलूक, या तीन ठिकाणी स्वतःला मेल पाठवून बघायला कुणी पैसे मागत नाही.

कल्पना सुचत नसतील तर रिअली गुड ईमेल्स बघा, तिथे मेलचा कोडही बघता येतो, आणि मिल्डवर ब्रँडच्या नावाने जुने मेल शोधता येतात. बघताना एक खेळ करा, मेल आवडला की लगेच विचारा, यातल्या इमेजेस काढल्या तर काय उरतं.

काउंटडाउन टायमर सगळ्यांना हवे असतात. ते म्हणजे मेल उघडल्यावर सर्व्हरवर तयार होणारी इमेज. पण ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, ते ज्यांनी चालू केलंय त्यांच्याकडे इमेजेस माणसाने मेल उघडायच्या आधीच आणून ठेवल्या जातात, त्यामुळे टायमर जुनी वेळ दाखवू शकतो. साधं 'रविवारी रात्री बंद' असं लिहिलेलं बरं. याच कारणाने ओपन रेटवरही, म्हणजे किती जणांनी मेल उघडला त्या आकड्यावरही, आता विसंबता येत नाही, दोन डिझाईनची तुलना करायची तर क्लिकवर करा. एएमपीवाले मेल, म्हणजे मेलमध्येच फॉर्म भरा वगैरे, गुगलने २०१९ ला जीमेलमध्ये आणले, पण ॲपल मेल आणि आउटलूकमध्ये ते चालत नाहीत, साधं एचटीएमएल बनवावं लागतंच, शिवाय गुगलकडे नोंदणी, माझ्या मते बहुतेकांनी त्या वाटेला जाऊ नये.

अजून दोन जागा ज्यांना कुठलंच टूल सुंदर करत नाही. एक प्रीहेडर, सब्जेक्टनंतर दिसणारी फिकट ओळ, ती भरली नाही तर तिथे 'ब्राउझरमध्ये बघा' येऊन बसतं. एमजेएमएलमध्ये त्यासाठी प्रिव्ह्यू नावाचा टॅगच आहे, बाकी एडिटरमध्ये सेटिंगमध्ये सापडेल. दुसरी अनसबस्क्राईब. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना गुगलने एका क्लिकची अनसबस्क्राईब सक्तीची केली, याहूनेही त्याच सुमारास केली, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितल्या. तेव्हा ती लिंक ८ पिक्सेलच्या करड्या अक्षरात लपवण्यात काही शहाणपण नाही, जाणारा माणूस ती सापडली नाही की स्पॅमचं बटण दाबतो, आणि ते बटण जीमेलने चांगलं ठळक ठेवलंय.